जिवंत नवऱ्याची विधवा

माझं माहेर पाचोऱ्याचं. लग्न होऊन चोपड्याला आले तेव्हा वकिलीची सनद हातात होती, पण पक्षकार एकही नव्हता. गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्या विधी सेवा समितीच्या यादीत मी नाव घातलं. यादीतल्या वकिलाला मिळणारी कामं इतरांना नको असलेली असतात. त्यातलंच एक काम अक्कांचं होतं.

अक्का साठीला टेकलेल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात केळीच्या बागांत रोजाने जायच्या. पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आल्या तेव्हा केळीच्या चिकाने काळे पडलेले हात पदराखाली झाकून बसल्या. हातात पोलिसांची नोटीस होती. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्या नोटिशीची घडी त्यांनी इतक्या जपून केली होती, जणू ते पोथीचं पान होतं.

आरोप असा होता. अक्कांनी नवरा मेल्याचं खोटं सांगून चौदा वर्षं निराधार विधवेचं अनुदान घेतलं. शासनाची फसवणूक केली. खोटं प्रतिज्ञापत्र केलं. नवरा तर जिवंत आहे.

"अक्का, हे खरं आहे का?" मी विचारलं.

"नवरा जित्ता शे, हाई खरं शे," त्या म्हणाल्या. "पण माले आत्ते समजनं."

अक्का अहिराणीच बोलायच्या. इथं मी त्यांचं बरंचसं बोलणं माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यात त्यांच्या आवाजातला ओलावा राहत नाही, पण माझा इलाज नाही.

त्यांनी जे सांगितलं ते असं. नवरा शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मूलबाळ नव्हतं. एका दिवाळीनंतर तो कामावर जातो म्हणून गेला आणि परत आला नाही. जिनिंगमध्ये विचारलं तर तिथूनही आठ दिवसांपूर्वीच गेला होता. नातेवाइकांनी शोध घेतला, पोलिसांत कळवलं. वर्षभराने तापीच्या पात्रात एक प्रेत सापडलं. पाण्यात बरेच दिवस राहिलेलं, चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेलेला. अंगावरचा शर्ट मात्र अक्कांच्या नवऱ्याच्या शर्टासारखा होता. अक्कांच्या दिराने ओळख पटवली. दाखला निघाला. अक्का विधवा झाल्या.

दीर शहाणा माणूस. त्याने पुढची सगळी कागदपत्रं केली. जमिनीवरचं भावाचं नाव कमी झालं, अक्कांनी हक्क सोडल्याचा कागद झाला आणि बदल्यात दिराने त्यांना अनुदानाचा अर्ज भरून दिला. अक्कांनी सगळीकडे अंगठा लावला. त्यानंतर दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला त्या तहसील कचेरीत देत आल्या.

मग चौदा वर्षांनी नवरा तलाठ्याच्या कार्यालयात येऊन उभा राहिला. सुरतेला दुसरा संसार होता, पोरं मोठी झाली होती, आणि आता त्याला वडिलोपार्जित जमिनीतला वाटा हवा होता. तलाठ्याने उतारा काढून दाखवला आणि सांगितलं, तुम्ही तर मयत आहात. त्यावरून बोभाटा झाला. जमिनीचं प्रकरण दोघा भावांनी आपसात मिटवलं. दिराने जबाब दिला, की प्रेत माझ्या वहिनीनेच ओळखलं होतं, मी अडाणी माणूस, तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. कचेरीला कुणावर तरी गुन्हा दाखल करायचाच होता. तो अक्कांवर झाला.

"प्रेत तुम्ही ओळखलं होतं?" मी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "त्या पाय तेस्ना नही व्हतात."

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. नदीकाठी प्रेत झाकून ठेवलं होतं, फक्त पाय उघडे होते. नवऱ्याच्या पायाची बोटं आखूड, टाच रुंद. कामावरून आला की त्या त्याचे पाय चोळून द्यायच्या. ते पाय त्यांना आंधळेपणीही ओळखू आले असते. हे पाय लांबट होते. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, हा माझा माणूस नाही. हवालदाराने लिहूनही घेतलं. मग दीर आणि गावातली चार माणसं त्यांना बाजूला घेऊन गेली. पाण्यात प्रेत फुगतं, पाय बदलतात, तुझं मन मानत नाही म्हणून तुला तसं वाटतं, असं समजावलं. दोन दिवस समजावलं. बायकांनीही समजावलं. तिसऱ्या दिवशी अक्कांनी पोलीस ठाण्यात दुसऱ्या जबाबावर अंगठा लावला.

"बठ्ठा म्हनेत, तोच शे," अक्का म्हणाल्या. "मी एकली काय करू?"

मी तो जुना पंचनामा मिळवायचं ठरवलं. पोलीस ठाण्याच्या माळ्यावर गठ्ठे पडले होते. तीन खेपा घातल्यावर एका कारकुनाने तो शोधून दिला. कागद पिवळा पडला होता, पण अक्षरं शाबूत होती. मयताची समजली जाणारी पत्नी हिने प्रेत पाहून ते आपल्या पतीचे नसल्याचे सांगितले. खाली अक्कांचा अंगठा.

तो कागद घेऊन मी घरी आले आणि विचारात पडले. हा कागद दुधारी होता. त्याने दीर खोटा पडत होता. पण सरकारी वकील तोच कागद उचलून म्हणू शकत होते, की बघा, या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की नवरा मेलेला नाही, तरी तिने विधवेचं अनुदान घेतलं. चौदा वर्षांपूर्वी त्या नदीकाठावर खरं बोलणारी एकच व्यक्ती होती, आणि त्या खऱ्या बोलण्यावरून तिलाच शिक्षा होऊ शकत होती. मी माझ्या सासऱ्यांना विचारलं. ते निवृत्त शिक्षक, कायद्यातलं त्यांना फार कळत नाही. ते म्हणाले, "मेला नाही हे वाटणं आणि जिवंत आहे हे ठाऊक असणं, यात काही फरक आहे की नाही?"

तोच माझा बचाव झाला. कागद मी कोर्टात दाखल केला.

खटला दीड वर्ष चालला. तारखेला अक्का सकाळच्या पहिल्या गाडीने यायच्या आणि कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली बसून राहायच्या. त्या दिवसाचा रोज बुडायचा. मी कितीदा सांगितलं, तुमचा पुकारा दुपारनंतर होतो, उशिरा या. त्या म्हणायच्या, सरकारने बोलावलंय, वेळेवर यायला पाहिजे. बरोबर भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा. माझ्यासाठी वेगळी भाकरी बांधून आणायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "ताई, तुमले चालस ना?" मी खायची. इतर वकील बघून हसायचे.

दिराची उलटतपासणी चांगली झाली. पंचनामा समोर ठेवला तेव्हा तो गडबडला, मला आठवत नाही, आठवत नाही, एवढंच म्हणत राहिला. अक्का मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "नानाला ताप होता वाटतं आज. चेहरा उतरला होता." त्या दिराला अजून नानाच म्हणायच्या.

पुढची तारीख नवऱ्याच्या साक्षीची होती. तो सरकार पक्षाचा साक्षीदार. आपण जिवंत आहोत एवढंच त्याला सांगायचं होतं. त्या दिवशी निंबाखाली मी अक्कांना समजावत होते, की आज तो येईल, तुम्ही काही बोलायचं नाही, रडायचं नाही, शांत बसायचं. अक्का मान डोलावत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ताई, एक गोट सांगानी ऱ्हायनी."

आणि त्यांनी मला एका फोनची गोष्ट सांगितली.

अनुदान सुरू होऊन दोनेक महिने झाले होते. गावात पिठाच्या चक्कीवर नाण्याचा फोन होता. एका दुपारी चक्कीवाल्याने हाक मारली, तुझा फोन आहे. अक्कांना आयुष्यात कुणाचा फोन आला नव्हता. त्या धावत गेल्या. रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कुणी बोलेना. त्यांनी दोनदा विचारलं, कोण आहे. पलीकडून फक्त खोकल्याचा आवाज आला. जिनिंगमधल्या कापसाची बारीक धूळ छातीत बसलेल्या माणसाचा खोकला, आधी दोनदा कोरडा आणि मग एक लांब. मग फोन बंद झाला.

"तेस्नाच खोकला व्हता," अक्का म्हणाल्या. "मी कोनले सांगं नही."

त्यानंतर कित्येक दिवस त्या दुपारच्या वेळी काही ना काही निमित्त काढून चक्कीवर जाऊन बसायच्या. कधी पसाभर ज्वारी, कधी नुसती चाळण आणायला. फोन पुन्हा आला नाही. पुढे चक्कीवरचा तो फोन काढून टाकला. मोबाइल आले.

माझ्या सगळ्या बचावाचा पाया एवढाच होता, की या बाईला नवरा जिवंत असल्याचं ठाऊक नव्हतं. आणि ही बाई मला सांगत होती, की तिने त्याचा खोकला ओळखला होता.

"हे दुसऱ्या कुणाला सांगितलंय?"

"नही."

"सांगू नका. कोर्टात कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचं, मला ठाऊक नव्हतं. आणि ते खरंच आहे, अक्का. खोकला म्हणजे काही पुरावा नाही. खोकला कुणाचाही असू शकतो."

शेवटचं वाक्य मी वकील म्हणून बोलले. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तेव्हा मी नीट पाहिलं नाही, कारण आमचा पुकारा झाला होता.

नवरा आत आला. पांढरा शर्ट, केस मेंदीने लाल केलेले, वाकलेला. पिंजऱ्यात चढताना त्याला धरून चढावं लागलं. अक्का मागच्या बाकावर होत्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर खाली, त्याच्या चपलांकडे होती आणि साक्ष संपेपर्यंत तिथंच राहिली.

सरकारी वकिलांनी दहा मिनिटांत काम आटोपलं. तुमचं नाव काय, ही तुमची पत्नी का, तुम्ही जिवंत आहात ना. शेवटच्या प्रश्नावर कोर्टात हशा झाला. मग मी उभी राहिले.

मी त्याला विचारलं, घर सोडताना बायकोला काही सांगून गेला होता का. नाही. सुरतेचा पत्ता कळवला होता का. नाही. तुमच्या मृत्यूचा दाखला निघाल्याचं तुम्हाला ठाऊक होतं का. नाही.

मग मी विचारलं, "गेल्यापासून तुम्ही पत्नीला पत्र, फोन, निरोप, असं काही केलं होतं का?"

तो थांबला. मागच्या बाकाकडे पाहिलं. तो हो म्हणाला असता तर सगळं संपलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

इथं मी बसायला हवं होतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण नोंद पक्की व्हावी, पुढे अपिलात कुणाला फट सापडू नये, म्हणून मी पुन्हा विचारलं, "एकदाही नाही?"

"नाही बाई. एकदाही नाही. कधीच नाही."

न्यायाधीशांनी ते शब्द लिहून घ्यायला सांगितले. टंकलेखकाची बोटं चालली. मी बसले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

साक्ष झाल्यावर तो व्हरांड्यात माझ्याजवळ आला. सरकार पक्षाच्या साक्षीदाराने माझ्याशी बोलणं बरं नव्हतं, म्हणून मी फाईल उचलून निघाले. तो मागून हलक्या आवाजात म्हणाला, "सुटेल ना ती?" मी नुसती मान हलवली. त्याला विचारता आलं असतं, की चक्कीवर फोन तुम्ही केला होता का. खटला चालू होता. उत्तराची मला भीती वाटली. तो जिना उतरून स्टँडकडे गेला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. पंचनाम्याचा आणि नवऱ्याच्या साक्षीचा आधार घेऊन न्यायाधीशांनी अक्कांना संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. मी वळून अक्कांना सांगितलं, "सुटलात तुम्ही."

त्यांनी हात जोडले. न्यायाधीशांना, सरकारी वकिलांना, पट्टेवाल्यालाही जोडले. बाहेर आल्यावर निंबाखाली बसल्या. मी चहा मागवला. मला वाटत होतं, आपण एक मोठी गोष्ट केली. घरी सांगायची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवत होते.

अक्का कप हातात धरून म्हणाल्या, "ताई, तेस्नी नही सांगं."

"हो, नाही म्हणाले ते. म्हणूनच तुम्ही सुटलात."

"दोन येळा नही सांगं. मंग तो खोकला कोनना व्हता?"

तेव्हा मला कळलं, की चौदा वर्षं ही बाई कशावर जगली होती. नवरा गेला, त्याचा दुसरा संसार कळला, जमीन गेली, पोलीस दारात आले. हे सगळं झालं तरी कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट तिच्याजवळ होती. त्याने एकदा आपल्याला फोन केला होता. बोलण्याचा धीर झाला नसेल, पण केला होता. ती गोष्ट मी भर कोर्टात, शपथेवर, त्याच्याच तोंडून काढून घेतली होती. एकदा नव्हे, दोनदा.

"तुम्हाला वाचवायला खोटं बोलले असतील ते," मी म्हणाले. "हो म्हणाले असते तर तुम्ही अडकला असता. त्यांना समजलं असेल."

"त्याला कसं समजेल? त्याला कायदा कुठे कळतो?"

"मला विचारत होते ते, सुटेल ना म्हणून."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना यावर विश्वास ठेवायचा होता, हे स्पष्ट दिसत होतं. पण त्या दीड वर्षात त्यांनी मला बरंच काही बोलताना ऐकलं होतं, दिराशी, साक्षीदारांशी, न्यायाधीशांशी. वकील कामापुरतं काय काय बोलतो हे त्यांना कळलं होतं.

"तुम्ही मन्हा जीवले बरं वाटाले म्हनी ऱ्हायन्यात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

निर्दोष सुटल्यावरही अनुदान पुन्हा सुरू झालं नाही. होणार तरी कसं? नवरा जिवंत होता, म्हणजे अक्का विधवा नव्हत्या. नवऱ्यावर पोटगीचा दावा लावू, असं मी सुचवलं. त्यांनी साफ नकार दिला. "त्याची पोरं आहेत," म्हणाल्या. "त्यांच्या ताटातलं मला नको." नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईलाही त्याच योजनेतून अनुदान मिळतं. तो अर्ज मी भरला. त्यासाठी पोलीस पाटलाचा दाखला लागत होता, की ही बाई इतकी वर्षं एकटी राहते. अर्जात विधवा या शब्दापुढची खूण जाऊन परित्यक्ता या शब्दापुढे आली. अक्कांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हणाले, एकटी राहणारी. कचेरीतल्या कारकुनाने तोंड वर न करता सांगितलं, "टाकलेली, आजी. टाकून दिलेली." अक्कांनी अंगठा लावला.

त्यानंतर आमच्या भेटी थांबल्या. मला हळूहळू कामं मिळू लागली, मोठीही मिळाली. पुढे जिल्हा न्यायालयातल्या कामासाठी जळगावला जाणं-येणं वाढलं. उलटतपासणीत चांगली म्हणून माझं थोडं नाव झालं. नवीन मुली माझ्या हाताखाली यायला लागल्या, की मी त्यांना सांगते, उत्तर मिळालं की खाली बसा. त्यांना वाटतं, हा डावपेच आहे. मीही त्यांना जास्त काही सांगत नाही.

गेल्या फेब्रुवारीत अक्का मला चोपड्याच्या स्टँडवर भेटल्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तपासायला आल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. अनुदान मिळतं का, मी विचारलं. मिळतं, म्हणाल्या. केळीच्या बागेत जाणं बंद केलं होतं, गुडघे चालत नव्हते. शेजारची सून भाकरी देते, चांगली आहे. दीर वारला होता. सुतकाचे सगळे दिवस अक्का त्याच्या घरी जाऊन बसल्या होत्या.

मग स्वतःहूनच त्या सांगू लागल्या. संक्रांतीला गल्लीतल्या दोघी बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवायला आल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोर्टाने निकाल दिलाय ना, आता तुम्ही सवाष्ण, चला, म्हणाल्या. त्यांनी चेष्टा केली नव्हती. चांगल्या मनानेच आल्या होत्या. एकीने वाण म्हणून द्यायची वाटीही दाखवली होती.

"गेलात?" मी विचारलं.

"नही. म्हटलं, गुडघा दुखस."

फलाटावर शिरपूरची गाडी लागली होती आणि वाहक गावांची नावं ओरडत होता. थोड्या वेळाने त्यांची गाडी आली. पायरी उंच होती. मी त्यांची पिशवी घेतली, काखेत हात घालून त्यांना वर चढवलं, आणि खिडकीजवळची जागा मिळेपर्यंत आत उभी राहिले. "उतरा ताई, गाडी सुटेल," त्या म्हणाल्या. मी उतरले. चालकाने गाडी मागे घेतली आणि ती स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली.